डकारच्या ट्रकसाठी घरचं स्टेअरिंग : प्रकल्प नोंदी

८ जून

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे मधे कुठं अडलं तर परत इथं येऊन बघता येईल. डकार डेझर्ट रॅली गेम गेल्या महिन्यात सेलमध्ये घेतला. सेबर इंटरॅक्टिव्हचा गेम आहे, ४ ऑक्टोबर २०२२ ला आलेला, आणि खऱ्या डकार रॅलीचं, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीचं, अधिकृत लायसन्स आहे त्याला, म्हणजे सगळं सौदी अरेबियातलं वाळवंट, त्यात बाईक, कार, क्वाड (चारचाकी बाईक), एसएसव्ही (छोटी हलकी बग्गी) आणि ट्रक. ट्रक हा शब्द बघूनच घेतला मी. रविवारी खेळत बसलो होतो आणि आप्पा मागं येऊन उभे राहिले. दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणले, "आरं टेकडी चढायच्या आधी खालचा गिअर टाक की, वर जाऊन टाकशील तर गाडी बसंल." आणि बसलीच गाडी. वाळूच्या माथ्यावर पोट टेकून.

आप्पा आर्टिलरीत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. नोकरीतली बरीच वर्षं टाट्रा चालवली, फौजेचा मोठा ट्रक, बीईएमएलची आठ बाय आठ म्हणजे आठही चाकं ओढणारी, राजस्थानात महाजनच्या फायरिंग रेंजला, पोखरणला. मी त्यांच्या हातात गेमपॅड दिला तर दोन अंगठ्यांनी ट्रक वळवायचा हे त्यांना जमेना, आणि खरं सांगायचं तर जमावं असं मला वाटलंही नाही. ज्या माणसाने तशी गाडी वाळूतून काढलीय त्याने अंगठ्याने कशाला चालवायची. म्हणून ठरवलं, खऱ्या ट्रकचं स्टेअरिंग लावून द्यायचं. तयार गेमिंग व्हीलचं बजेट नाही, आणि ती असतात कारच्या मापाची, ११ इंच, १२ इंच.

१५ जून

रविवार, सुट्टी. एमआयडीसीच्या बाजूला भंगारवाल्याकडे सकाळी गेलो, पाऊस चालूच होता. तीन स्टेअरिंग मिळाली त्यातलं एक बरं होतं, १८ इंची, दोन आरे, वरचं काळं प्लास्टिक दोन ठिकाणी तडकलेलं पण आतली सळी सरळ. ५०० म्हणत होता, ३५० ला दिलं. खालचा शाफ्टचा तुकडापण कापून घेतला कारण मधल्या भोकात स्प्लाइन असतात, ते दाते जुळवायचे म्हणजे वेगळं काम, त्यापेक्षा तोच शाफ्ट वापरलेला बरा.

घरी आणून व्हीमच्या पावडरीने धुतलं. त्याच्या कडेला खालच्या बाजूने जी बोटांची खोबणी असते ना, ती एका जागी पूर्ण गुळगुळीत झालेली, घड्याळात दहा वाजतात त्या जागेवर. आप्पांनी हात फिरवला आणि म्हणले, "डावा हात हितंच असायचा गड्याचा. उजवा गिअरवर न्हायतर खिडकीत." मग स्वतःच म्हणले, "न्हाय, खिडकी उजवीकडं. डावा गिअरवर." आणि बराच वेळ तिथंच बोट ठेवून बसले.

१८ जून

कंपनीत सुपरवायझरना विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर दोन बुश टर्न करून घेतले, शाफ्ट २२ मिमीचा टर्न केला आणि ६२०५ बेअरिंग नको म्हणून पेडेस्टल बेअरिंग दोन घेतली, बोल्ट मारले की बसतात, अलाइनमेंट स्वतः करून घेतात थोडीफार. फ्रेम दीड इंची एमएस स्क्वेअर पाईपची. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून दिले, फुल वेल्ड उंची ठरल्यावर.

उंचीवरून बरीच चर्चा. मी कारसारखं उभं स्टेअरिंग धरून चाललो होतो. आप्पा म्हणले ट्रकचं स्टेअरिंग ताटासारखं असतं, आडवं, पोटासमोर. कॅब ओव्हर इंजिन गाडी, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो, कॉलम खालून वर येतो. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हवेत स्टेअरिंग धरायला सांगितलं, आणि मोबाईलवर अँगल मोजला. जमिनीशी साधारण ३० अंश. डोळे मिटून परत करायला सांगितलं तर परत तेवढाच. रिटायर होऊन ११ वर्षं झाली.

२२ जून

इलेक्ट्रॉनिक्स. इथं एक चूक झाली ती लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील. माझ्याकडे आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड, पडून होता, म्हणलं तोच वापरू. तो कॉम्प्युटरला सरळ जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. त्याला लिओनार्डो लागतो, किंवा प्रो मायक्रो, कारण त्यातल्या ३२यू४ चिपमध्येच यूएसबी आहे, ती स्वतःला जॉयस्टिक म्हणून सांगू शकते. लिओनार्डो मागवला.

फिरण्याचं माप घ्यायला ऑप्टिकल एन्कोडर, ६०० पल्सचा. पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तो) स्वस्त पडतो पण साधा पॉट पाऊण फेरा फिरतो, आणि ट्रकचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फेरे. एन्कोडर किती पण फिरू दे. शाफ्टला ६० दातांची पुली, एन्कोडरला २० ची, टायमिंग बेल्ट, म्हणजे स्टेअरिंगच्या एका फेऱ्याला एन्कोडरचे तीन. दोन्ही चॅनलच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की ६०० चे २४०० होतात, गुणिले तीन, एका फेऱ्याला ७२०० काउंट. भरपूर झालं.

पहिल्यांदा लावलं तर स्क्रीनवरचा आकडा नुसता थरथरायचा. दोन तास वायर हलवत बसलो. हे एन्कोडर ओपन कलेक्टर असतात, म्हणजे आउटपुट फक्त खाली ओढतो, वर ओढायला पुलअप आपल्याला द्यावा लागतो. हिरव्या आणि पांढऱ्या वायरला एकेक ४.७के रेझिस्टर पाच व्होल्टला जोडला, थरथर बंद.

२९ जून

आज पहिल्यांदा गेममध्ये ट्रक स्टेअरिंगने चालला. कॉम्प्युटरवर एका छोट्या सॉफ्टवेअरने लिओनार्डोला गेमपॅड म्हणून दाखवलंय, डावी काडी म्हणजे स्टेअरिंग. स्पोर्ट मोडमध्ये सुरुवात केली, त्यात रस्ता दाखवणारे पॉइंट दिसतात आणि सगळ्या गाड्या एकदम सुटतात. प्रोफेशनल आणि सिम्युलेशन हे वरचे दोन मोड, त्यात रोडबुकवर, म्हणजे वाटेच्या नोंदी वाचत जायचं, ते नंतर.

आप्पा बसले. हात ठेवला, फिरवलं, आणि हात काढून घेतला. "आरं ह्ये तर सायकलपेक्षा हलकं झालं. आठ टनाची गाडी हाय न्हवं ही?"

आठ टनाचीच आहे. डकारचा रेसिंग ट्रक साडेआठ टनाच्या घरात असतो, खऱ्या रॅलीत त्याला ताशी १४० किलोमीटरची मर्यादा आहे, वर जायचं नाही. मी स्टेअरिंग परत मध्यभागी यावं म्हणून सायकलची ट्यूब कापून बांधली होती, ती बोटाने ढकलली तरी फिरते. आप्पांचं दुसरं म्हणणं असं की गाडी उभी असताना सोडलेलं स्टेअरिंग परत फिरत नाही, चालती असली तरच फिरतं, आणि वाळूत तर फिरतच नाही, वाळू चाक धरून ठेवते. म्हणजे ट्यूब नुसती हलकीच नव्हती, ती उलटं शिकवत होती.

त्यात अजून एक लफडं. एका ठिकाणी ट्रक रुतला, आप्पा स्टेअरिंग एका बाजूला फिरवतच राहिले, फिरवतच राहिले, टोकाला अडवायला काही नव्हतं, आणि साडेचार फेऱ्यानंतर ट्रकची चाकं एकदम उलट्या बाजूला वळली. मला लगेच कळलं नाही. रात्री लक्षात आलं, काउंट मी प्रोग्रॅममध्ये इंट या छोट्या आकड्याच्या प्रकारात ठेवलेला, लिओनार्डोवर इंटची वरची मर्यादा ३२७६७, एका फेऱ्याला ७२०० म्हणजे साडेचार फेऱ्यात संपला आणि आकडा सरळ मायनसमध्ये गेला. लाँग केला, त्यात मोठे आकडे मावतात. आणि शाफ्टला एक खुंटी वेल्ड करून टोकाचा अडथळा पण देणार, कारण खऱ्या गाडीला तो असतोच.

५ जुलै

फोर्स फीडबॅकचा, म्हणजे मोटरने स्टेअरिंगला उलटा जोर द्यायचा विचार केला. वायपर मोटर, १२ व्होल्टचा सप्लाय, मोटर ड्रायव्हर, बरेच लोक करतात. पण १८ इंची स्टेअरिंग आणि ६१ वर्षांचे मनगट, मोटरने उलटा झटका दिला तर? टाट्रात एकदा दगडावर चाक आदळून स्टेअरिंगच्या आऱ्याने एका जवानाचा अंगठा मोडलेला आप्पांनी बघितलाय, म्हणून ते अजून पण अंगठा स्टेअरिंगच्या आत घालत नाहीत, वरच ठेवतात. मोटर रद्द.

त्याऐवजी घर्षण. शाफ्टवर ६ इंची फ्लँज (गोल चकती) बसवली, तिच्या दोन्ही बाजूंनी सायकलचे ब्रेक शू, आणि ते आवळायला एक लांब बोल्ट आणि विंग नट. नट फिरवला की स्टेअरिंग जड, सोडला की हलकं. ट्यूब एकपदरी ठेवली, अगदी थोडी ओढ.

पहिल्या दिवशी रबर चिरचिर आवाज करायचं, दुसऱ्या दिवशी शू चकाकले आणि पकड गेली. रबरच्या जागी जुन्या चपलेचं कातडं चिकटवलं आणि त्याला थेंबभर ग्रीस. आता कसं, मऊ पण जड. आप्पांनी नट स्वतः आवळला, अर्धा फेरा, परत पाव, डोळे पडद्यावर नाहीत, खाली बघून नुसता हात फिरवत. "हां. आता इंजिन बंद असल्यासारखं वाटतंय." मग पाव फेरा सोडला. "आता चालू."

१३ जुलै

गिअर. इथं मी स्वतःच्या डोक्याने वागलो आणि चुकलो. गिअरची काडी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला वेल्ड केली, आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताला. रंगपण मारला. आप्पा बसले, गाडी सुरू झाली, आणि त्यांचा उजवा हात खाली गेला, हवेत. परत गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा ते थांबले.

टाट्रा लेफ्ट हँड होती. आर्मीच्या बीईएमएल टाट्रा डाव्या स्टेअरिंगच्याच, झेकोस्लोव्हाकियाच्या मूळ डिझाइनच्या. त्या दिवशी स्टेअरिंगवर बोट ठेवून ते उजवा-डावा करत बसले होते, ते जुन्या दिवसातच होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. गावात, घाटात, ट्रॅक्टरवर सगळीकडे उजवीकडे बसून चालवतात, पण ट्रकच्या कॅबमध्ये बसल्यासारखं झालं की हात टाट्रातला होतो. आणि गेममधली कॅबपण लेफ्ट हँड. ग्राइंडरने काडी कापली, उजवीकडे लावली. दोन मायक्रो स्विच, पुढं ढकललं की खाली, मागं ओढलं की वर.

रात्री जेवताना टाट्राचंच चाललेलं. तिच्या मधोमध एक जाड नळी असते, तोच तिचा कणा, आपल्या ट्रकसारख्या दोन चॅनलची चॅसी नसते, आणि प्रत्येक चाकाचा अर्धा ॲक्सल त्या नळीपासून स्वतंत्र वरखाली होतो. एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची सात आपलं काम करतात. इंजिन हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही, मग वाळवंटात पाणी उकळायचा प्रश्न येत नाही. मी त्यांना मोबाईलवर कारेल लोप्राइसबद्दल वाचून दाखवलं. हा टाट्रा कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर, त्याने टाट्रा ८१५ घेऊन डकारचा ट्रक क्लास सहा वेळा जिंकला, १९८८, १९९४, १९९५, १९९८, १९९९ आणि २००१. त्याच्या पुढं फक्त रशियन कामाझ ट्रकवाला व्लादिमिर चागिन, सात वेळा. आप्पांना डकार म्हणून काही असतं हे गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. ते म्हणले, "आमची पण ८१५च." आणि आईला परत सांगितलं, तीच गाडी, जगात सहा वेळा पयली.

२० जुलै

ब्रेक. ॲक्सिलरेटरला साधा पॉट आणि स्प्रिंग, तासात झालं, त्यावर लिहायला काही नाही. ब्रेकला मात्र लोड सेल लावला, ४० किलोचा, म्हणजे पेडल किती खाली गेलं ते मोजायचं नाही, किती जोराने दाबलं ते मोजायचं. त्याचं वजन वाचून पुढं पाठवायला एचएक्स७११ बोर्ड मधे.

आप्पा म्हणाले ब्रेक उशिरा लागतोय. मी म्हणलं एअर ब्रेकला असंच असतं ना, हवा जाईपर्यंत. "आसतं, पण एवढं न्हाय. ह्यात मी आधी मरंन." एका उतारावर तीनदा ट्रक पालथा झाला. आणि ते बरोबर होते, मी नाही. हा बोर्ड जसा येतो तसा सेकंदाला फक्त दहा वेळा वजन वाचतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावर एक दशांश सेकंदापर्यंत गेमला पत्ताच नाही. ताशी १०० ने गाडी तेवढ्यात जवळपास तीन मीटर पुढं जाते. चिपची १५ नंबरची पिन ग्राउंडला असते, ती सुईने उचलून पाच व्होल्टला जोडली की ८० वेळा वाचतो. भिंग लावून केलं, हात थरथरत होता, एक बोर्ड त्यात गेला, दुसरा जमला.

त्यानंतर आप्पांनी तोच उतार घेतला. माथ्याच्या बऱ्याच अलीकडे पाय काढला, गिअर खाली, माथ्यावर गाडी जवळजवळ थांबली, नाक पलीकडे झुकलं, आणि सरळ खाली, ब्रेकला हात न लावता, तिरकं अजिबात न होता. मी ज्या माथ्यावरून उडत होतो तिथून. गेमपॅडवर मला हा ट्रक म्हणजे मोठी कार वाटायची, जोरात सोडायची आणि जिकडं पडेल तिकडं. वजन हाताला आणि पायाला लागल्याशिवाय कळत नाही की हा गेम बनवणाऱ्यांनी ट्रकला किती वजन दिलंय, ते आधीपासून तिथंच होतं.

२७ जुलै

लाइट दिवसभर येत-जात होती, पाऊस. प्रत्येक वेळी पीसी बंद. एन्कोडरची एक अडचण अशी की त्याला मध्य कुठं ते माहीत नसतं, चालू झाल्यावर स्टेअरिंग जिथं असेल तोच शून्य. म्हणजे वाकडं असताना लाइट आली तर ट्रक सरळ रस्त्यावर पण वाकडा पळतो. माझ्या वेळी हे दोनदा झालं. मध्यावर एक सेन्सर लावायचं ठरवून डिझाइन काढत होतो.

मग लक्षात आलं आप्पांच्या वेळी एकदा पण झालं नाही. लाइट गेली की ते उठायच्या आधी स्टेअरिंग सरळ करतात, आऱ्यावर खडूची खूण आहे ती वर आणून. विचारलं तर म्हणले गाडी लावताना चाकं सरळ करूनच लावायची असते, रात्री अंधारात कुणी दुसऱ्याने स्टार्ट मारली तर त्याला कळलं पाहिजे कुठं जाणार ते. सेन्सर सध्या नको. मी पण खुणेवर आणून उठतो आता.

टोकापासून टोकापर्यंत १८०० अंश ठेवले होते, पाच फेरे. गेममध्ये वळणावर हात पुरे पडेनात. चार फेऱ्यांवर आणलं, १४४० अंश. आप्पांना चालतंय.

९ ऑगस्ट

सिम्युलेशन मोड चालू केला. यात रस्ता दाखवत नाही. रोडबुक असतं, किती किलोमीटरवर काय, वळणाचं छोटं चित्र, धोका असेल तिथं उद्गारचिन्हं, आणि उघड्या वाळवंटात फक्त कॅप, म्हणजे होकायंत्राचा आकडा. ही रॅली सुरूच झाली ती रस्ता चुकलेल्या माणसामुळे, थिएरी सबीन, १९७७ मध्ये आबिजान ते नीस रॅलीत तो लिबियाच्या वाळवंटात बाईकसकट हरवला होता, वाचला, आणि पुढच्याच वर्षी २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून डकारला पहिली रॅली त्याने सोडली.

आप्पा एकटे चालवू पण बघतात आणि वाचू पण बघतात, जमत नाही. चष्मा एकच, लांबचा. दोनदा हरवले. मी वाचायला बसलो तर मी आकडा उशिरा सांगतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून येताना आप्पा सुभेदार काकांना घेऊन आले, त्यांच्याच रेजिमेंटचे, गोडोलीत राहतात. चहा, कंदी पेढे, मग स्टेअरिंग बघितलं. काकांनी चष्मा लावला आणि रोडबुकची बाजू स्वतःकडं घेतली. पहिला प्रश्न, "हे ३६० मध्ये आहे का? आमच्यात ६४०० मिल्स." म्हणजे फौजेत पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश नाही, ६४०० भाग. मी म्हणलं ३६०. "ठीक आहे, सोपं आहे."

डकारच्या ट्रकमध्ये खरंच तीन माणसं असतात, ड्रायव्हर, नॅव्हिगेटर आणि मेकॅनिक. आम्ही तिघंच होतो. काका आकडा एकदाच सांगत होते, पण बरोबर वेळेच्या आधी, आणि आप्पा प्रत्येक वेळी तो परत म्हणून दाखवत होते, "एकशे चाळीस, ठीक," तसंच, फौजेतल्यासारखं. चार किलोमीटर गेल्यावर वाळू लागली. आप्पा पडद्यावरून नजर न हलवता म्हणले, "वाळू. आवळ."

मला कळायला क्षणभर लागला. मी खाली वाकून विंग नट अर्धा फेरा आवळला. स्टेअरिंग जड झालं, आप्पांचे खांदे पुढं आले. पलीकडं खडकाळ जमीन लागली, "सोड." सोडला. पुढची २२ किलोमीटर मी पडदा बघितलाच नाही, फ्रेमच्या खाली पाय दुमडून बसलो होतो, एक हात नटावर आणि एक बेल्टवर, बेल्ट मधेच एक दात सरकला तर कळावं म्हणून, आणि वरून आवाज येत होते. दोनशे दहा. दोनशे दहा, ठीक. आवळ. अजून पाव. पुढं दोन उद्गारचिन्हं आहेत, खड्डा. खड्डा, ठीक.

स्टेज पूर्ण झाला. वेळ वाईट होती, हरवलो नाही. ट्रकचा एक आरसा आणि पुढचा बंपर गेला. आप्पांनी स्टेअरिंग खुणेवर आणलं आणि मग हात काढले.

पुढच्या रविवारी करायचं : कातडं बदलणे, झिजलंय. नटाला लांब दांडी, बसून हात पोचेल अशी. काकांसाठी उजवीकडे दुसरी खुर्ची, फ्रेमलाच वेल्ड करून, ते म्हणाले हलली पाहिजे गाडीबरोबर.